"अटॅक किती आले?" या एका प्रश्नावर औषध ठरतं, आणि उत्तर कुठेच लिहिलेलं नसतं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. रस्त्याचे खड्डे, गाडीचा थांबा, बिबट्या, धानाचा बोनस यावर रोजच लिहितो. आज एका आजाराच्या कागदांवर लिहितोय. वाचायला कंटाळवाणा विषय वाटेल, पण ज्याच्या घरी हा रुग्ण आहे त्याला पहिल्या चार ओळीतच कळेल मी काय म्हणतोय ते.

आपल्या सालेकसा तालुक्यातली एक ताई. वय तिशीच्या आसपास, दोन लेकरं. नाव-गाव सांगणार नाही, ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, डॉक्टर लोक एमएस म्हणतात. तिचा नवरा एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी चला ना जी संगं नागपूरले. डॉक्टर काय इचारते ते मले समजत नाही, अन् मी काय सांगतो ते त्यायले समजत नाही." गेलो. दरेकसावरून पहाटे पॅसेंजर, गोंदियाला गाडी बदलून नागपूर. हातात एक कपड्याच्या दुकानाची पिशवी, तिच्यात सगळा आजार. एमआरआयच्या फिल्मा, चुरगळलेल्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं आणि एक सीडी, जी आजवर कोणी लावून पाहिली असेल असं मला वाटत नाही.

ओपीडीत बाहेर दीडशे माणसं. डॉक्टरांनी पिशवीकडे पाहिलं, वरचे तीन कागद काढले आणि विचारलं, "मागच्या वर्षभरात अटॅक किती आले?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चार-पाच आले असतील जी."

डॉक्टरांनी लिहिलं, चार ते पाच रिलॅप्स. आणि पुढचं वाक्य होतं, "म्हणजे हे औषध काम करत नाहीये, आपल्याला वरच्या औषधावर जावं लागेल." पाच-सहा मिनिटांत ठरलं. डॉक्टर वाईट होते का? अजिबात नाही. वर्षात चार अटॅक आले असतील तर कोणीही शहाणा डॉक्टर हेच करेल. प्रश्न एवढाच की चार आले होते का?

औषध बदलण्याआधी काही तपासण्या करायच्या होत्या, म्हणून आम्हाला एका निवासी डॉक्टर मुलीकडे पाठवलं. पंचविशीतली असेल. तिने ताईला बाकावर बसवलं आणि एकेक अटॅक उकलायला घेतला. कधी आला? "धानकापणीत." किती दिवस राहिला? ताप होता का? लघवीला जळजळ? गोळ्या चालू होत्या का तेव्हा? वीस मिनिटं लागली. निघालं काय ते ऐका.

एक "अटॅक" मे महिन्यातला. ताई तेंदूपत्ता तोडायला गेली, दुपारी पाय लुळे पडले, घरी आणून सावलीत झोपवलं, संध्याकाळपर्यंत चालायला लागली. तरी दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात नेऊन स्टेरॉइडच्या बाटल्या लावल्या. दुसरा "अटॅक" पण उन्हाळ्यातलाच, लग्नाच्या मांडवातला. तिसऱ्याच्या वेळी थंडी वाजून ताप होता आणि लघवीला आग. चौथा खरा: कचारगडच्या यात्रेच्या आगेमागे डावा हात बधिर झाला, तीन आठवडे राहिला. पण त्याच्या दोन महिने आधीपासून गोळ्याच बंद होत्या, कारण पैसे नव्हते. हे कोणाला सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला वाटलं डॉक्टर रागावतील.

म्हणजे चार-पाचाचा हिशेब एकावर आला. आणि तो एकही औषध हरल्यामुळे आला की औषध पोटात न गेल्यामुळे, हा वेगळाच प्रश्न.

आता थोडं आजाराबद्दल. मी डॉक्टर नाही, डिप्लोमावाला पत्रकार आहे, पण गेले काही महिने वाचतोय आणि विचारतोय. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवर एक वेष्टण असतं, विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं. एमएसमध्ये शरीराचीच रोगप्रतिकारक शक्ती ते वेष्टण कुरतडते. जिथे कुरतडलं तिथलं काम बिघडतं. कधी एका डोळ्याला धूसर, कधी पायात मुंग्या, कधी तोल जातो, कधी लघवीवर ताबा राहत नाही. बहुतेकांना हे येतं, काही आठवडे राहतं आणि कमी होतं. कमी झालं की माणूस विसरतो. बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट, आणि तेही ऐन विशी-चाळिशीत. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ साली याचं नीट वर्णन केलं. आज दीडशेवर वर्षांनी सुद्धा एकाच रक्ततपासणीने "हो, एमएस आहे" असं सांगता येत नाही. निदान होतं ते दोन गोष्टी सिद्ध करून: मज्जासंस्थेत वेगवेगळ्या जागी इजा, आणि वेगवेगळ्या वेळी इजा. जागा एमआरआय बराचसा दाखवतो. वेळ कोण दाखवणार? कागद. कागद नसेल तर रुग्णाची आठवण.

ताईचंच घ्या. चार वर्षांपूर्वी तिचा उजवा डोळा दुखून धूसर झाला होता, रंग फिके दिसत होते, तीन आठवड्यांनी आपोआप सुधारला. जिथे दाखवलं तिथे "नंबर लागला" म्हणून चष्मा दिला, कागद काही दिला नाही. दोन वर्षांनी पाय बधिर झाले तेव्हा "मणक्यात गॅप" म्हणून कमरेचा एमआरआय. आपल्याकडे प्रत्येक पायदुखीला मणक्यात गॅपच असतो, हे आता वेगळं सांगायला नको. ती डोळ्याची गोष्ट एका ओळीत जरी कुठे लिहिलेली असती, "उजवा डोळा, दुखून धूसर, अमुक तारखेला, तीन आठवडे", तर दोन वर्षं वाचली असती. निदानाच्या ज्या मॅकडोनाल्ड निकषांवर जगभरचे डॉक्टर चालतात, त्यांच्या २०२४ च्या सुधारणेत डोळ्याची नस ही स्वतंत्र जागा म्हणून धरली आहे. निकष सुधारत चालले आहेत आणि आपण चष्म्याचा नंबर लिहून मोकळे होतो.

आता उन्हाची गोष्ट, कारण ती खास आपली आहे. एमएसच्या रुग्णाचं अंग तापलं की जुनीच लक्षणं तात्पुरती वर येतात. नवीन इजा झालेली नसते, जुनी खराब झालेली तार गरम झाल्यावर आणखी कमी चालते, एवढंच. उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्याच्या डॉक्टरने हे १८९० साली नोंदवलं. अंग थंड झालं की उतरतं. खरा रिलॅप्स म्हणायचा तर लक्षणं निदान चोवीस तास टिकली पाहिजेत आणि ताप किंवा संसर्ग नसला पाहिजे, ही जगभर वापरली जाणारी साधी व्याख्या आहे. आता विदर्भात एप्रिल-मे-जून डोळ्यासमोर आणा. पारा ४५ कडे सरकतो, लाईट जाते, पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. थंड देशातल्या डॉक्टरला गरम पाण्याची आंघोळ विचारावी लागत असेल, आपल्याकडे अख्खा उन्हाळाच गरम पाण्याची आंघोळ आहे. तरीही इथल्या किती केसपेपरवर लिहिलेलं असतं की लक्षण दुपारी आलं का, ऊन लागलं होतं का, किती तास राहिलं? मी ताईच्या पिशवीतले सगळे कागद पाहिले. एकावरही नाही.

आणि नोंद नसली की काय होतं, तर बाटली लागते. रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, तीन ते पाच दिवस. खऱ्या रिलॅप्सला हे योग्य औषध आहे. पण लघवीच्या संसर्गामुळे पाय गेलेल्या बाईला हे दिलं तर संसर्ग राहतो बाजूला आणि त्याच्याशी लढणारी ताकद कमी होते. साखर वाढते, झोप उडते, वरचेवर दिलं तर हाडं ठिसूळ होतात. तिथे हवी होती लघवीची साधी तपासणी आणि प्रतिजैविक.

पुढची पायरी आणखी जड. "वरचं औषध" म्हणजे रोगप्रतिकारक शक्ती जास्त दाबणारं औषध. रिटुक्सिमॅब, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब अशी नावं आहेत. ज्याला गरज आहे त्याला ही औषधं खाटेवरून वाचवतात, म्हणून त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. उलट अनेकांना ती उशिरा मिळतात, हेही तितकंच खरं. पण सुरू करण्याआधी बी प्रकारची कावीळ तपासावी लागते, छातीत क्षय दडलाय का पाहावं लागतं, कांजिण्या झाल्या होत्या का विचारावं लागतं, लसी आधी द्याव्या लागतात. ज्या घरात आजीला टीबी होता त्या घरातल्या बाईची ही नोंद नसेल तर? फिंगोलिमॉड अचानक बंद केलं तर आजार उसळून येऊ शकतो. टेरिफ्लुनोमाइड चालू असताना दिवस राहणं बाळासाठी धोक्याचं, ते औषध अंगातून काढून टाकायला वेगळा उपाय करावा लागतो. तिशीच्या बाईच्या कागदावर "मूल हवं आहे का, साधन वापरता का" ही ओळ नसणं म्हणजे काय, विचार करा. आणि एनएमओ नावाचा एक आजार एमएससारखाच दिसतो, डोळा जातो, पाय जातात, पण एमएसची काही औषधं त्यात उलट घात करतात. तो ओळखायची रक्ततपासणी आहे. ती झाली की नाही, झाली तर निकाल काय, हे पहिल्याच पानावर हवं. ताईची झाली होती. रिपोर्ट सापडला बिलांच्या गठ्ठ्यात, दुमडलेला.

आता काही जण म्हणतील, गोंदियासारख्या जिल्ह्यात असे रुग्ण असतील किती? हिशेब करू. २०१४ साली मंगळुरू शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लाखामागे आठच्या थोडे वर एमएसचे रुग्ण निघाले. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार. त्याच दराने शंभरावर रुग्ण होतात. तिकडचं शहर, इकडचं जंगल, म्हणून निम्मे धरा. तरी पन्नास. हे पन्नास-साठ लोक आत्ता कुठेतरी "कमजोरी", "लकवा", "गॅप", नाहीतर "बाहेरचं" म्हणून पडले असतील. पूर्वी समज होता की एमएस हा गोऱ्या लोकांचा, थंड मुलखाचा आजार. आपल्याच मुंबईत पारशी समाजाची शिस्तीत पाहणी झाली आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाने दाखवलं की त्या समाजात लाखामागे वीसच्या वर रुग्ण आहेत. मोजलं म्हणून दिसलं.

आणि मोजून औषधही बदलता येतं. डेन्मार्कने १९५६ पासून देशातल्या एमएस रुग्णांची नोंदवही ठेवली आहे. स्वीडनमध्ये रिटुक्सिमॅब, जे मुळात रक्ताच्या कर्करोगाचं औषध, ते एमएससाठी मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं आणि त्याचा गुण किती, त्रास किती, हे त्यांना नोंदवहीतून दाखवता आलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदा एमएसची औषधं घेतली, त्यात हेच रिटुक्सिमॅब आहे. ते भारतीय कंपन्याही बनवतात, म्हणून ते महागड्या परदेशी औषधांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. तिकडे कोणीतरी कंटाळा न करता तारखा लिहिल्या म्हणून आपल्या ताईसाठी परवडणारा पर्याय उभा राहिला, असं म्हटलं तर चूक होणार नाही. आपल्याकडेही आयसीएमआर आणि दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने देशपातळीवर नोंदवही सुरू झाली आहे. चांगलंच आहे. पण त्या नोंदवहीत जायला आधी रुग्णाच्या हातात धड कागद हवा ना?

डॉक्टरांची बाजू मला माहीत आहे. माझे दोन मित्र सरकारी दवाखान्यात आहेत. दिवसाला शंभर-दीडशे पेशंट, बसायला जागा नाही, संगणक बंद, वरून रोजचे ऑनलाइन अहवाल. "तू ये आणि लिही," असं त्यातला एक मला तोंडावर म्हणाला. मान्य. पण मी निबंध मागत नाहीये. अटॅकची तारीख, कुठल्या अंगाला, किती तास किंवा दिवस, ताप-संसर्ग-ऊन होतं का, औषध चालू होतं का, काय दिलं. सहा गोष्टी. यातल्या पाच नर्स लिहू शकते, आशाताई लिहू शकते, दहावी झालेला नवराही लिहू शकतो. चालण्याचं मोजमाप? जगभरात पंचवीस फूट, म्हणजे साडेसात मीटर, चालायला किती सेकंद लागले ते मोजतात. त्याला घड्याळ आणि व्हरांडा लागतो, न्यूरोलॉजिस्ट लागत नाही. दर तीन महिन्यांनी तो आकडा लिहिला असता तर आजार खरंच सरकतोय का, हे कोणी सांगण्याआधी दिसलं असतं. कागदांवर त्याऐवजी काय असतं? "पेशंट सेम." "रिपीट ऑल." रिपीट ऑल म्हणजे नेमकं काय रिपीट, हे तो कागद पुढच्या गावी गेल्यावर कोणाला कळणार?

आणि कागद पुढच्या गावी जातोच. दरेकसाचा माणूस नागपूरला जातो तसा डोंगरगड, राजनांदगाव, रायपूरलाही जातो, गाडी जिकडची मिळेल तिकडे. दोन राज्यं, दोन योजना, चार दवाखाने, प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर. सरकार म्हणतं आभा कार्ड काढा, चौदा आकडी नंबर, सगळं मोबाईलवर. काढलंय, ताईचंही काढलंय. उघडून पाहिलं, आत काहीच नाही. कपाट दिलं, कपडे कोण ठेवणार? आणि उद्या कोणी "पेशंट सेम" चा फोटो काढून टाकला तर कपाटातही "पेशंट सेम"च राहणार.

कायद्याचंही सांगतो, कारण आपल्या लोकांना माहीत नसतं. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे की भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवल्या पाहिजेत, आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत दिल्या पाहिजेत. मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पण तीन वर्षं! हा आजार तिशीत लागतो आणि सत्तरीपर्यंत सोबत राहतो. म्हणजे नोंद सांभाळायची जबाबदारी शेवटी त्या कपड्याच्या दुकानाच्या पिशवीवरच येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, एकवीस प्रकारांच्या यादीत. प्रमाणपत्र मात्र एका दिवसाच्या तपासणीवर. हा आजार डिसेंबरात वेगळा आणि मे महिन्यात वेगळा दिसतो. मागच्या दोन वर्षांच्या नोंदी समोर असतील तर बोर्ड काही विचार करू शकेल. नसतील तर त्या दिवशी ताई चालत आली, म्हणजे चालते.

हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नका. याच जिल्ह्यात सिकलसेलची तपासणी होते, कार्ड मिळतं. जुलै २०२३ पासून तर राष्ट्रीय मोहीमच आहे. त्या कामातही शंभर त्रुटी आहेत, मीच लिहिल्या आहेत, पुन्हा लिहीन. पण कार्ड दाखवलं की अनोळखी डॉक्टरसुद्धा दोन मिनिटं थांबतो. एमएस, एनएमओ, मिरगी, पार्किन्सन, अशा वर्षानुवर्षं चालणाऱ्या नसांच्या आजारांना चार पानांचं एक पुस्तक द्यायला काय लागतं? गरोदर बाईला माता-बाल संरक्षण कार्ड आपण देतोच, खेड्यापाड्यात ते नीट भरलंही जातं. गोंदियाला २०१६ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे महिन्यातून एक दिवस नसांच्या आजारांचा ठेवा, नागपूरचा तज्ज्ञ व्हिडिओवर घ्या, आणि पुस्तक भरल्याशिवाय रुग्णाला पुढे पाठवू नका. पुस्तक मराठीत आणि हिंदीत छापा, आणि तारखेच्या रकान्याशेजारी सणाचा-हंगामाचा रकाना ठेवा. आपला माणूस "बारा फेब्रुवारी" सांगत नाही, "कचारगडच्या यात्रेत", "मोहफुलाच्या दिवसात", "रोवणीत" सांगतो. त्यावरून तारीख काढता येते. त्या निवासी डॉक्टर मुलीने काढलीच ना.

माझंही एक कबूल करायचं आहे. दोन वर्षांपूर्वी याच ताईची बातमी मी केली होती. मथळा दिला होता, "विवाहितेला मेंदूचा लकवा, मदतीचे आवाहन". आजाराचं नाव चूक, अटॅकचा आकडा नवऱ्याने सांगितला तो, शहानिशा शून्य. आणि ते कात्रण, लॅमिनेशन करून, त्या पिशवीत पहिल्या नंबरला ठेवलेलं होतं. डॉक्टरांनी वरचे जे तीन कागद काढले त्यातला एक तो होता. आकडा तिथूनही गेला असेल. तेव्हापासून झोपताना आठवतं.

त्या दिवशी नागपूरला औषध बदललं नाही. निवासी डॉक्टरने मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं, त्यांनी दहा मिनिटं पुन्हा वाचलं आणि म्हणाले, आहे तेच औषध सहा महिने न चुकता घ्या, मधे एमआरआय करू, मग ठरवू. कदाचित सहा महिन्यांनी बदलावंही लागेल. तेव्हा बदलू, पण माहीत असून बदलू.

परतीच्या गाडीत गोंदियाला एक दोनशे पानी वही घेतली. नवरा आता लिहितो. परवा त्याने फोटो पाठवला: "१९ मे. दुपारी २. पाय जड. ताप नाही. लघवीत जळजळ नाही. गोळी घेतली होती. ओला टॉवेल, सावलीत झोपली. ५ ला बरं." बाटली लावायला नेलं नाही.

जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसाठी निवेदन तयार आहे, त्यासोबत त्या चार पानांच्या पुस्तकाचा कच्चा नमुनाही जोडला आहे. तो एका न्यूरोलॉजिस्टकडून तपासून घेतला आहे. सालेकसा, आमगाव, देवरी, गोरेगाव, कुठल्याही तालुक्यातला असा रुग्ण तुमच्या घरी किंवा ओळखीत असेल तर मला मेसेज करा. नाव कुठेही येणार नाही. कागदांच्या पिशवीचा फोटो नको, कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा, मी येऊन बघतो.